गुरुजी पोरं आणायला गेले होते

(आपल्या कामाच्या वार्षिक सहाय्यक मेळाव्यात एका भगिनीने केलेलं भाषण. जवळजवळ जसं बोललं गेलं तसंच इथे देत आहोत. पाड्यांची आणि माणसांची नावं त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.)



मला भाषण करता येत नाही. पप्पांना यायचं. तुमच्यापैकी वयाने मोठ्या असलेल्यांनी त्यांना याच मेळाव्यात उभं राहून बोलताना ऐकलं असेल. १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षं ते जव्हार-मोखाड्याकडच्या आपल्या मुलांच्या वसतिगृहात गुरुजी होते. माझं लहानपण तिथेच गेलं. आज त्यांच्याऐवजी मी उभी आहे, कारण गेल्या वर्षी जे घडलं ते आपल्या पत्रिकेत फक्त चार ओळींत छापून आलं होतं. "गुरुजी सुखरूप सापडले, प्रभूची स्तुती असो." ते खरंच आहे. पण पुष्कळ जणांनी विचारलं म्हणून सविस्तर सांगते, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे जी त्या चार ओळींत नव्हती.

पप्पा आता ७८ वर्षांचे आहेत. गेली पाच वर्षं त्यांना स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. नाशिकला आमच्या घरी दाराला आतून वरच्या बाजूला कडी लावून घेतली आहे, त्यांचा हात सहज जाणार नाही अशी. हे सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. ज्या माणसाने कधी वसतिगृहाच्या दाराला कुलूप लावू दिलं नाही, त्याला आम्ही कडीत ठेवतो. पण त्याआधी ते तीन वेळा बाहेर पडले होते. एकदा तर गंगापूर रोडवर पायजमा आणि बनियनवर सापडले. आई हसून म्हणायची, लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय ना, टिळक न सांगता उठून निघून जायचे, तसे हे. हसायची खरी, पण रात्री कडी दोनदा तपासायची.

गेल्या नोव्हेंबरात वसतिगृहात कापणीच्या उपकारस्तुतीची उपासना होती. जुन्या मुलांनी आग्रह केला, गुरुजींना आणाच. माझा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "नेऊ नकोस, त्यांना झेपणार नाही." मी नेलं. मला वाटलं, जुनी जागा बघून त्यांना बरं वाटेल. आणि खरोखर वाटलं. त्र्यंबक सोडून मोखाड्याचा घाट सुरू झाला तसे ते खिडकीतून बघत एकेका वळणाचं नाव सांगायला लागले. माझं नाव ज्यांना आठवत नाही, त्यांना ओढ्यांची नावं आठवत होती.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं परत येत होती. पप्पा वॉर्डनजवळ बसले आणि विचारलं, "किती आले, किती राहिले?" वॉर्डन म्हणाला, "सतरा राहिलेत, गुरुजी. आईबापांबरोबर भट्टीवर गेले असतील." पप्पांनी मान हलवली. आम्ही सगळे तिथे होतो, सगळ्यांनी ऐकलं आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही.

शनिवारी सकाळी सव्वासहाला त्यांनी चहा घेतला आणि "जरा फिरून येतो" म्हणाले. अंगात स्वेटर, पायात चपला, हातात कापडी पिशवी. आई आंघोळीला गेली होती. मला वाटलं पाळकांबरोबर गेले. पाळकांना वाटलं माझ्याबरोबर आहेत. वॉर्डनला वाटलं स्वयंपाकघराकडे असतील. नऊ वाजता न्याहारीला कोणीच नव्हतं त्यांच्याबरोबर.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली बारा वर्षांच्या येशूची गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकतो. योसेफ आणि मरीया वल्हांडण सण आटोपून यरुशलेमहून निघाले. मुलगा सोबतच्या लोकांत असेल असं समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. मी लहान असताना मला वाटायचं, हे कसले आईबाप, दिवसभर मूल दिसलं नाही तरी विचारलं नाही? आता मी त्या मरीयेला काही म्हणणार नाही. सगळे मिळून एखाद्या माणसाची काळजी घेतात ना, तेव्हाच असं होतं. प्रत्येकाला वाटतं, तो दुसऱ्याकडे आहे.

दहा वाजेपर्यंत आम्ही आवारात शोधलं, विहिरीत वाकून बघितलं. मग डांबरी रस्त्याने दोन्हीकडे माणसं गेली. एसटीच्या थांब्यावर, जीपवाल्यांकडे, चहाच्या टपरीवर विचारून झालं. आमचा सगळ्यांचा समज असा की, म्हातारा माणूस आहे, मधुमेह आहे, तो सपाट रस्ताच धरणार आणि बहुतेक नाशिकच्या दिशेने, घराकडे जाणार. त्यामुळे पहिला सगळा दिवस आम्ही चुकीच्या बाजूला घालवला.

दुपारी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे एकाने सांगितलं की, उद्यापर्यंत वाट बघा, येतील. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुमच्यापैकी कोणावर ही वेळ येऊ शकते. चोवीस तास थांबायचा काही नियम नाही. माणूस हरवला की लगेच नोंद करता येते, आणि हरवलेलं माणूस अठरा वर्षांखालचं असेल तर अपहरण समजून गुन्हाच दाखल व्हायला हवा. वयस्क माणसांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे, मुलांसाठी १०९८, आणि ११२ तर सगळ्यांसाठीच आहे. मी हट्ट धरला. मग साहेब आले आणि त्यांनी लगेच मिसिंगची नोंद घेतली. हा माणूस चांगला होता, मला आधी खुर्ची आणि पाणी दिलं.

त्यांनी विचारलं, "अलीकडचा फोटो द्या." मी मोबाइल काढला. बंधुभगिनींनो, माझ्या मोबाइलमध्ये माझ्या मुलांचे शेकडो फोटो होते. केकचे होते, घरच्या मांजराचे होते. पप्पांचा एकट्याचा एकही नव्हता. शेवटी भाच्याच्या लग्नातला एक सापडला, गळ्यात हार आणि डोळे मिटलेले. तो दिला. ठाण्यातल्या त्या बाकावर बसून मला त्या फोटोची जितकी लाज वाटली तितकी दुसऱ्या कशाची वाटली नाही. कपडे कोणते, उंची किती, अंगावर खूण कोणती? खूण मला सांगता येईना. आईला फोन केला. ती तत्काळ म्हणाली, "डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग."

संध्याकाळ झाली. कापणी-झोडणीचे दिवस होते. खळ्यावर भात पडलेलं, नाचणी उभी. अशा दिवसांत एका दिवसाचं काम सोडणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळतं. तरीही तीन पाड्यांतली साठ-सत्तर माणसं बॅटऱ्या घेऊन निघाली. वारली, कोकणा, महादेव कोळी, सगळे होते. ख्रिस्ती थोडे, बाकीचे नव्हते. कोणी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. बायांनी घराबाहेर शेकोट्या पेटत्या ठेवल्या, म्हातारबाबाला उजेड दिसला तर येईल म्हणून.

आई वसतिगृहाच्या ओट्यावर गोळ्यांची डबी मांडीवर घेऊन बसली होती. शनिवार सकाळचा कप्पा रिकामा. दुपारचा भरलेला. रात्रीचा भरलेला. भावाने फोनवर मला काय काय सुनावलं ते इथे सांगत नाही. तोही घाबरला होता आणि रात्रीच गाडी काढून निघाला होता. रात्री दोनच्या सुमारास थंडी पडली. मी आईजवळ बसून प्रार्थना करत होते आणि प्रार्थनेच्या मध्येच माझ्या मनात आलं की, हे आता इथेच संपलं तर... कडी नको, रात्रीचं जागणं नको, रोज तेच तेच प्रश्न नकोत. एका क्षणापुरतंच आलं. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा आमच्या पाळकीणबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "आजाऱ्याची सेवा करणारी कोणतीही बाई असा विचार मनात आलाच नाही म्हणाली, तर ती खोटं बोलतेय." घरी असं माणूस असलेल्या इथल्या बायकांसाठी सांगून ठेवते.

रविवारी पहाटे पप्पांचा एक जुना विद्यार्थी आला. सात-आठ किलोमीटरवरच्या पाड्यावरून अंधारातच चालत निघालेला. आता पन्नाशी उलटलेला वारली शेतकरी. त्याने कुठे कुठे शोधलं ते विचारलंच नाही. आईसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाई, जाताना गुरुजींनी काय काय घेतलं?"

आई म्हणाली, "पिशवी."

"पिशवीत काय?"

आईला माहीत नव्हतं. वॉर्डन ऑफिसात जाऊन आला. टेबलावरचं हजेरीचं बुक नव्हतं.

तो माणूस उठला. म्हणाला, "गुरुजी हरवले नाहीत. गुरुजी पोरं आणाया गेलेत."

मग मला आठवलं. दिवाळीनंतर शाळा उघडली की पप्पा आठवडाभर पायी पाडे फिरायचे. ज्या मुलांचे आईबाप स्थलांतराला निघायचे, ती मुलं परत येत नसत. पप्पा बुक घेऊन दारात जाऊन बसायचे. आईबापांशी भांडायचे नाहीत, नुसतं बसून राहायचे. हा माणूस स्वतःच असा आणलेला. त्याला क्रमसुद्धा पाठ होता. सगळ्यांत आधी सगळ्यांत लांबची कातकरीवाडी, कारण ठेकेदाराची गाडी तिथे सर्वांत आधी यायची. आणि तिकडे जायची वाट डांबरी रस्त्याने नाही. वसतिगृहाच्या मागून दरीत उतरायचं, ओहळ ओलांडायचा, पलीकडचा चढ चढायचा. रस्ता झाल्यापासून ती वाट कोणी वापरत नाही. करवंदीच्या जाळ्यांनी बुजून गेली आहे. आम्ही साठ-सत्तर जण शोधत होतो आणि एकानेही मागच्या बाजूला पाहिलं नव्हतं.

ओहळाच्या चिखलात चपलेचा ठसा मिळाला. थोड्या वर एक चपलही मिळाली.

अकरा वाजता पोचलो. ती वाडी आता वाडी राहिलेली नाही. पंधरा-वीस घरांचे चौथरे, एक आंबा आणि तीनच झोपड्या. पप्पा एका झोपडीच्या अंगणात गोधडी पांघरून बसले होते. पायाला फडकं बांधलेलं. समोर बुक उघडं. मला बघून म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा कोणत्या इयत्तेत?" मी म्हटलं, "चौथीत." त्यांनी लिहून घेतलं.

बुकात नोव्हेंबरच्या पानावर त्यांनी थरथरत्या अक्षरांत अकरा नावं लिहिली होती. आमच्याबरोबर आलेल्या त्यांच्या विद्यार्थ्याने ती वाचली आणि तोंड फिरवलं. १९८३ सालची मुलं होती ती. पाचवं नाव त्याचंच.

ती झोपडी एका कातकरी म्हातारीची. वाडीतली कामाची माणसं आठवड्यापूर्वी भट्टीवर गेलेली, हिचा गुडघा धरलेला म्हणून ही मागे राहिलेली. शनिवारी दुपारी हा म्हातारा लंगडत आला आणि दारात बसला. तिने पेज दिली. रात्री चुलीजवळ जागा दिली, स्वतःची एकुलती गोधडी घातली. मोबाइल नव्हता, चढ उतरणं तिच्याच्याने शक्य नव्हतं. तिने आम्हाला एवढंच विचारलं, "यायला एवढा उशीर का केला?"

पोलीस पाटील सोबत होते. माणूस कुठे, कसा सापडला याचा जबाब ते तिथेच बसून लिहून घ्यायला लागले. म्हातारीचा अंगठा घेतला. ती कागदाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "बाय, असा कागद माझ्या पोराचा होईल का?"

मला समजलं नाही. तिचा धाकटा मुलगा चार वर्षांपूर्वी भिवंडीपलीकडच्या एका वीटभट्टीवरून गेला होता. बाविशीतला. आठवड्याची खर्ची मिळाली, संध्याकाळी पायी बाजाराला निघाला आणि परत आला नाही. हिने आणि थोरल्याने दोन दिवस शोधलं. बाजारात, नाक्यावर, रेल्वेच्या रुळांच्या कडेने. तिसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, काम बंद राहिलं तर उचल कशी फिटणार? धाकट्याच्या नावावरची उचल थोरल्याच्या नावावर टाकली. ते परत विटा पाडायला बसले. पोलिसांकडे का नाही गेलात, असं मी विचारलं. हा प्रश्न विचारल्याचं मला आजही वाईट वाटतं. ती म्हणाली, "आम्हाला कोण विचारणार?"

बंधुभगिनींनो, कातकरी लोकांची सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत नोंद केली आहे. महाराष्ट्रात असे तीनच समाज आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. एके काळी हे लोक खैराच्या लाकडापासून कात बनवायचे, त्यावरून नाव पडलं. जंगल गेलं, तो धंदा गेला. आता वर्षाचे सहा-सात महिने भट्टीवर, पावसाळ्याच्या तोंडाला परत. उचल घेऊन माणसाला कामाला बांधून ठेवणं हे १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायद्याला पन्नास वर्षं होत आली.

पप्पांना आम्ही डोलीत घालून आणलं. उपासना संध्याकाळी झाली आणि फार सुंदर झाली. ते पत्रिकेत आलं आहे.

जानेवारीत मी आपल्या तिथल्या कार्यकर्त्याबरोबर म्हातारीच्या मुलाची नोंद करायला गेले. एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात पाठवलं, भट्टी तिकडे म्हणून तिकडे जा, राहायला इकडे म्हणून इकडे जा. तिसऱ्या खेपेला नोंद झाली. परत तोच प्रश्न, फोटो. आणि इथे मला माझा ठाण्यातला बाक आठवला. मला निदान डोळे मिटलेला तरी फोटो मिळाला होता. त्या बाईकडे मुलाचा एकही फोटो नव्हता. रेशनकार्डावर नाव होतं, तेवढाच पुरावा की असा एक माणूस होता. त्याने दोन वर्षं आपल्या वसतिगृहात काढली होती, तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आला नाही. वॉर्डनने जुनी कपाटं उपसली आणि एक सामूहिक फोटो काढला. मागच्या ओळीत, भाताच्या दाण्याएवढा चेहरा. तो नाशिकला मोठा करून घेतला. नोंदीला नऊ वर्षांच्या मुलाचा फोटो जोडलाय, आणि खाली वय लिहिलंय सव्वीस.

तो अजून सापडलेला नाही. भिवंडी आणि कल्याण भागातल्या दवाखान्यांत, मनोरुग्णालयात, निवारागृहांत आपल्या मंडळीतले दोन तरुण जाऊन आले. बेवारस मृतांच्या नोंदीही पाहिल्या. ते काम सोपं नव्हतं, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. म्हातारीला काय सांगायचं हा प्रश्न दर वेळी असतो. ती विचारत नाही. आम्ही गेलो की आधी चहा ठेवते.

या वर्षी एक गोष्ट मात्र केली. दिवाळीआधी, गाड्या यायच्या अगोदर, आपल्या कार्यकर्त्यांनी सात पाड्यांवर फिरून जाणाऱ्या ४१ कुटुंबांतल्या प्रत्येक माणसाचा फोटो काढला. ठेकेदाराचं नाव, मोबाइल, भट्टीचं गाव, किती उचल घेतली, सोबत मुलं किती, हे सगळं एका वहीत लिहिलं. एक प्रत वसतिगृहात, एक त्या कुटुंबाकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत. काहींना आधी भीती वाटली, ठेकेदाराला कळलं तर? दोन कुटुंबांनी नकार दिला, त्यांना आग्रह केला नाही. या कामाला पैसे फार लागत नाहीत. फोटोंची छपाई, कार्यकर्त्याचा जीपचा खर्च, एक जुना पण बरा कॅमेरा असलेला मोबाइल. कोणाच्या घरी असा मोबाइल पडून असेल तर कृपा करून कार्यालयात द्यावा.

पप्पा बरे आहेत. पायाची जखम भरायला दोन महिने लागले. आता त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आत आईने पत्ता आणि फोन नंबर शिवलाय, आणि मी दर महिन्याच्या एक तारखेला त्यांचा फोटो काढते. हजेरीबुक वॉर्डनने त्यांनाच देऊन टाकलं. रोज संध्याकाळी ते उघडून विचारतात, किती आले, किती राहिले. मी एक आकडा सांगते.

म्हातारीच्या मुलाच्या फोटोच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. भिवंडी, कल्याण, वसई या बाजूला ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांनी एक-एक घेऊन जावी. चेहरा लहान मुलाचा आहे हे लक्षात ठेवा. आता उंच झाला असेल, आईसारखा काटक. उजव्या भुवईवर कोयत्याच्या जखमेची जुनी खूण आहे. ती म्हातारीने सांगितली, मला विचारावी लागली नाही.